नटावर नीट बसणारा पाना

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की मला मिस्त्रीचे पाने आठवतात. दुसऱ्या कुणाला काय आठवत असेल ते असो. अमरावतीत आमच्या घरासमोरून बडनेऱ्याकडे जाणारा रस्ता आहे. दसरा झाला की त्यावरून कापूस लादलेले ट्रक जायला लागतात, दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकतात आणि हवेला सरकीचा तेलकट वास येतो. मी दारात खुर्ची टाकून बसते. एखादी गाडी कुरकुरत गेली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, हिच्या पाट्याचे बोल्ट सैल झालेत. शेजारची सून हसते. विचारते, बाई, तुम्ही शाळेत मास्तरीण होत्या की गॅरेजात मिस्त्री? मी म्हणते, एक हंगाम दोन्हीकडे होते.

तो हंगाम अकोल्याचा. धम्मदीक्षा घेऊन आम्हाला वर्ष उलटून गेलं होतं. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते आणि हे, म्हणजे माझे मालक श्रावण, जिनिंगच्या रस्त्याला एका उस्तादांच्या गॅरेजात मिस्त्री होते. मूळचे पातूरकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी लोखंडाला हात लावलेला नव्हता, तो यांनी लावला, आणि असा लावला की ट्रकवाले गाडी उभी केल्याबरोबर विचारायचे, श्रावण हाय का? मला त्याचा भारी तोरा होता. शाळेतल्या बाया आपापल्या नवऱ्यांच्या कचेऱ्या सांगायच्या, मी गॅरेज सांगायचे आणि तेवढ्याच मोठ्यानं सांगायचे.

त्या काळी रस्त्यावर तीन तऱ्हेच्या गाड्या होत्या. लढाई संपल्यावर लष्करानं विकून टाकलेले अमेरिकन ट्रक, जुने इंग्रजी ट्रक आणि नुकते यायला लागलेले जर्मन बनावटीचे. तिघांच्या नटांचं माप तीन तऱ्हेचं. इंग्रजाचा पाना अमेरिकनाच्या नटावर जवळजवळ बसतो, आणि सगळा घात त्या ‘जवळजवळ’मध्ये आहे. पक्का बसत नाही, थोडा हलतो. त्या हलण्याला मिस्त्री लोक झोल म्हणतात. गॅरेजात तिन्ही मापांचे पाने वेगवेगळे ठेवायची ऐपत कुणाची? म्हणून आपल्याकडे एक रीत पडून गेली होती. करवतीच्या तुटक्या ब्लेडची पत्ती घ्यायची, नट आणि पाना यांच्या मधल्या फटीत खुपसायची, पान्याच्या दांड्यात हातभर पाईप अडकवायचा आणि लोंबकळायचं. निघाला तर निघाला. आणि सगळ्या वऱ्हाडात कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट बिनपत्तीचं काम करणारा कच्चा मिस्त्री, असंच समजत.

अशाच एका पत्तीनं आदल्या हंगामाच्या शेवटी यांचा हात खाल्ला. पत्ती सटकली, पाना सुटला आणि सगळ्या अंगाच्या जोरानिशी यांची उजवी मूठ पाट्याच्या, म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, धारेवर आदळली. हाडं दवाखान्यात जुळली, पण अंगठ्याजवळची दोन बोटं वाकेनात. शेंड्यांना स्पर्शही कळेना. चहाचा कप धरायचा तर करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट अंगठ्याशी जुळवून धरायचे. पाहुणे आले की हात धोतराच्या सोग्यात लपवायचे. ते बघून मला राग यायचा. कोणाचा राग ते कळायचं नाही. पत्तीचा म्हणावं तर ती बिचारी लोखंडाची.

सगळा पावसाळा ते घरात बसून होते. उस्ताद माणूस चांगला. ये, पुर्जे धूत बस, पगार चालू राहील, असं घरी येऊन सांगून गेला. हे गेले नाहीत. ज्या गॅरेजात लोक आपलं नाव घेऊन येत, तिथं घासलेटच्या डब्यात हात घालून बसणं यांना जमण्यासारखं नव्हतं.

मग माझा भाऊ आला. आमचा दादा कचेरीत कारकून होता. इस्त्रीचे पांढरे कपडे आणि सायकलला घंटी, असा त्याचा थाट. त्यानं साहेबाजवळ शब्द टाकला होता. चपराशाची एक जागा निघणार होती आणि दिवाळीनंतर होकार कळवायचा होता. आज कुणाला हसू येईल, पण आमच्या माणसांना सरकारी जागा म्हणजे काय होती ते त्या काळात जाऊन बघावं. कुणाच्या वाड्याबाहेर उभं राहायचं नाही, कुणाच्या बांधावर वाकायचं नाही. दादा मला म्हणाला, ‘‘पाह्य शांते, हात अधू झाला तरी सरकारचा पगार अधू होत नाई. तू सांग त्याईले.’’

खरं सांगते, मला ते पटलं होतं. मी रात्रभर मनात जुळवाजुळव केली आणि सकाळी भाकरी थापता थापता विषय काढला. हे ऐकत राहिले. मग शांतपणे म्हणाले, ‘‘जागा वाईट नाई. पण मले गाडी खोलता येते, शांता. हंगाम लागला की करून पाहतो. नाईच जमलं त जातो चपराशी होऊन. पण उस्तादाच्या पेटीतल्या पान्यानं नाई. मले माह्ये पाने पायजेत.’’

‘‘आणि हात?’’

‘‘हातासाठीच म्हनून राहिलो ना वं.’’

त्या एका वाक्याचा अर्थ मला पुढं हळूहळू कळत गेला. धडधाकट माणसाला वाईट पाना चालून जातो. पाना जिथं कमी पडतो तिथं त्याचं मनगट भरून काढतं, पाना सुटला तर त्याची मूठ सावरते. अधू हाताला ही सोय नाही. पाना एक केसभर सरकला की गेलं. म्हणजे हात जितका कमजोर तितका पाना अस्सल हवा. लोक उलटं समजत होते. म्हणत होते, आता याला हलकं काम द्या, जुनीपानी हत्यारं द्या.

पैसे कुठून आले ते राहू द्या. सगळ्यांच्या घरी जिथून येतात तिथूनच आले.

मग रविवारी आम्ही दोघं मोटारीच्या सामानाच्या दुकानांत फिरायला लागलो. माझ्या शाळेच्या झोळीत पाटीऐवजी तीन तऱ्हेच्या गाड्यांचे कोरे नट-बोल्ट. यांची अक्कल अशी की पाना दुकानात उजेडात बघायचाच नाही, नटावर चढवून बघायचा. आपला नट आपण न्यायचा. दुकानदाराचा घ्यायचा नाही, कारण तो त्याच्या पान्याला बसणाराच नट काढून देतो. पहिल्या दुकानात शेठनं एक पेटी उघडली. आत निळी मखमल आणि तीत ओळीनं गोट्या. नटावर टोपीसारखी बसते त्या पान्याला आमच्याकडे गोटी म्हणतात. अशा चकचकीत होत्या की मला माझं तोंड दिसलं. मी तर मनातल्या मनात घेऊनच टाकली.

हे म्हणाले, झकपक नको पाहू, आतून पाह्य. त्यांनी एक गोटी उपडी करून दाखवली. आतल्या कडा पुसट होत्या, गोटीच्या बुडाशी साच्याची शिवण दिसत होती. ओतलेलं लोखंड, वरून मुलामा. घडवलेलं नव्हे. जोर पडला की फुटणार. आणि आत बारा खाचा होत्या. खाचा जास्त म्हणजे पकड जास्त असं मला वाटलं होतं. हे म्हणाले, नटाला बाजू सहा आहेत, त्याला सहाच बाजूंनी धरायचं. बारा खाचांच्या गोटीनं नटाचे नुसते कोपरे धरले जातात, आणि गंजलेल्या नटाचे कोपरेच तर आधी झिजतात.

आता झोल बघायची पाळी. तो बोटांच्या शेंड्यांना कळतो, आणि यांची तीच बोटं मुकी होती. डाव्या हातानं बघितलं, पण मनाचं समाधान होईना. मग त्यांनी गोटी आणि बोल्ट माझ्या हातात दिला. म्हणाले, हळू फिरव. डोळे मिट. कुठं हलतं का सांग. मी दुकानाच्या फळीपाशी डोळे मिटून उभी राहिले आणि बोल्ट हळूहळू फिरवू लागले. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग कळलं. अगदी बारीक, दात हलावा तसं. म्हटलं, हलते.

शेठला गंमत वाटली. म्हणाला, बाई, बांगड्या पाहून राहिल्या का?

मी म्हटलं, ‘‘बांगडी सैल निघाली त कोनाचा हात तुटत नाई, शेठजी.’’

त्यानं राग धरला नाही. आतून दुसरी काढून आणली. तीही हलली. त्या रविवारी आम्ही रिकाम्या हातानं परत आलो, पुढच्या रविवारीही. शेजारच्या काकू म्हणाल्या, अवं, लुगडं घ्यायला इतका वेळ लागत नाही. मी म्हटलं, लुगडं फाटलं तर शिवता येतं. बोलताना उगीचच ताठ मान करून बोलले, कारण आत मलाही धाकधूक होती. दिवाळी जवळ येत होती आणि घरात अजून एक पाना आला नव्हता. पण दोघांपैकी एकानंही ‘चालून जाईल’ असं म्हटलं नाही. तो शब्द आमच्या घरात तेव्हा बंदच होता, आणि पुढंही फारसा आला नाही.

आज बाजारात काय काय मिळतं. परवा कोपऱ्यावर एक माणूस ताडपत्रीवर पान्यांच्या पेट्या मांडून बसला होता. मी काठी टेकत गेले, एक गोटी उचलली आणि डोळे मिटून फिरवली. तो म्हणाला, आजी, घ्या ना, नातवाला होईल. मी ठेवून दिली. हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण हाताला लागलेली सवय माणसाबरोबर जात नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला गॅरेजागॅरेजात हत्यारांची पूजा झाली. हळद, कुंकू, झेंडू. आम्ही पूजा सोडली होती, आणि मांडायला हत्यारंही नव्हती. दर वर्षी त्या दिवशी हे उस्तादांचे पाने एकेक पुसून ठेवत. यंदा अंगणात नुसतं पोतं अंथरून बसले होते. काकूंनी कुंपणावरून विचारलं, काय मांडायचं आहे? हे म्हणाले, येणार आहेत त्यांची जागा साफ करून ठेवतोय. मला हसू आलं.

पाने शेवटी मिळाले ते अमरावतीला. तिथं एका बोहऱ्याचं भंगाराचं दुकान होतं, लष्करी लिलावातला माल त्याच्याकडे पडून होता. धूळ, गंजकी चाकं, फाटके तंबू, आणि तळाशी एक लाकडी खोकं. आत काळे पाने. मुलामा नाही, चमक नाही. यांनी दोन पाने उचलून एकावर एक आपटले आणि कान दिला. आवाज भरीव आणि लांब चालणारा. त्यांचा चेहराच बदलला. पावसाळाभर तो चेहरा मी बघितला नव्हता.

पण हुरळून गेले नाहीत. तासन्‌तास निवडत बसले. उघड्या तोंडाचे पाने बाजूला ठेवले. नटाला चहूबाजूंनी कवळणारे रिंग पाने तेवढे घेतले, कारण ते बसले की सुटत नाहीत, हातानं धरून ठेवावं लागत नाही. दांडा लांब असलेलेच, म्हणजे पाईप लावायला नको. एकाच्या आतून कुणीतरी कानस फिरवून माप वाढवलं होतं, तो फेकला. एक किंचित वाकलेला, तोही फेकला. जे उरले ते माझ्याकडे देत गेले आणि मी बोल्ट घालून, डोळे मिटून सांगत गेले. हलतो. हलतो. नाही हलत. सहा बाजूंच्या गोट्याही तिथंच मिळाल्या. त्यांना लावायचा आडवा दांडा मिळाला. तो बोटांनी आवळावा लागत नाही, दोन्ही तळहातांनी ढकलता येतो. तो दांडा हातात घेऊन हे नुसतेच उभे राहिले. बोहरी म्हणाला, खोकं पुरं घेऊन टाका, निवडून देत नाही. हे खाली बसले आणि म्हणाले, मग मीही उठत नाही. बोहरी हसला आणि हरला.

मला संच पुरा करायची हौस. माप सोडून माप घेतलेलं मास्तरणीला कसं पटावं? मी म्हटलं, मधला एक राहिला. हे म्हणाले, त्या मापाचा नट वऱ्हाडात कुठल्याच गाडीला नाही. उगीच वजन कशाला?

दिवाळी झाली. आकोट, तेल्हाऱ्याकडून कापूस यायला लागला. आम्ही दारावर पाटी लावली नाही, नुसतं उस्तादांना सांगून ठेवलं. पाने पोत्यावर पडून होते आणि हे त्यांच्याकडे बघत बसायचे. गंमत बघा, इतका आटापिटा करून आणलेले, पण हात लावायला भीत होते. रात्री झोपेत दचकायचे. मला कळत होतं. हात बोटांमुळे थांबला नव्हता, तो पाना सुटायच्या धास्तीनं थांबला होता. ती धास्ती कुठल्या दुकानात बदलून मिळणार?

अशातच रविवारी सकाळी नामदेव ड्रायव्हर आला. तेल्हाऱ्याचा कापूस घेऊन येताना अकोल्याच्या अलीकडे त्याचा पाटा तुटला होता, गाडी भरलेली, रस्त्याच्या कडेला उभी. उस्तादांच्या दारात गाड्यांची रांग लागलेली होती. त्यांनीच सांगितलं होतं, श्रावणले घेऊन जाय. त्याच दिवशी दुपारी दादा होकार न्यायला येणार होता. साहेबाला सोमवारी सांगायचं होतं. हे माझ्याकडे बघू लागले. मी पान्यांची झोळी उचलून खांद्याला अडकवली. उजव्या हातानं ते ती उचलू शकले नसते.

गाडीपाशी माणसं जमलेली होती. अमेरिकन ट्रक. जमलेल्यांनी आधीच उद्योग करून ठेवला होता. पाटे आवळून धरणाऱ्या बोल्टांपैकी एकाचा नट पत्ती लावून पार गोल केलेला. बाकीचे गंजून बसलेले. हे चाकाजवळ उकिडवे बसले, माती खरवडली, घासलेट सोडलं, तारेच्या ब्रशनं नटाच्या सहाही बाजू घासल्या. मग रिंग पाना चढवला. दोन्ही हात दांड्यावर ठेवले.

आणि थांबले.

कोणी म्हणालं, पाईप देऊ का? कोणी म्हणालं, जोर नाही राहिला मिस्त्रीचा. नामदेवनं त्याला गप्प केलं. यांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. मला फक्त ती पाठ दिसत होती. माझ्या मनात आलं, हे आता पाना ठेवून उठतील, दुपारी दादाला हो म्हणतील, आणि जन्मभर हात लपवत फिरतील. मी लुगड्याचा पदर खोचला आणि चार माणसांदेखत त्यांच्याजवळ जाऊन मातीत बसले. पान्याला बोट लावलं, जरा हलवून बघितलं.

‘‘झोल नाई त्यात,’’ मी म्हटलं. ‘‘म्या पाह्यलं हाय. लावा जोर.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि खांदा लावला. दांडा जरासा वाकल्यासारखा झाला, आणि टक्क करून आवाज आला. मला वाटलं, काहीतरी तुटलं. पण नट सरकला होता. हे पुढं आपटले नाहीत, मूठ कुठं धडकली नाही. त्यांनी उजवा हात वर करून उलटापालटा बघितला, एक ओरखडाही नव्हता. मला हसावं की रडावं कळेना. मी पदरानं तोंड पुसलं, मातीच लागली तोंडाला.

बाकीचे नट त्यांनीच खोलले. गोल झालेला छन्नीनं तोडला. पाटा आणायला नामदेव दुसऱ्या गाडीनं अकोल्याला गेला आणि घेऊन आला. ऊन चढलं होतं. हे गाडीखाली शिरून पाठीवर पडले होते, बाहेर नुसते पाय.

तेवढ्यात घंटी वाजली. दादा. घरी जाऊन शेजाऱ्यांकडून कळलं म्हणून सायकल मारत आलेला, कॉलर घामानं भिजलेली. मातीत बसलेली मी, ते पाय, ती पान्यांची झोळी, सगळं त्यानं एकदा बघून घेतलं. मग इस्त्रीचा पायजमा सावरत चाकाजवळ वाकला आणि गाडीखाली बघून म्हणाला, ‘‘दाजी, उद्या साहेबाले काय सांगू?’’

मग गाडीखालून उजवा हात बाहेर आला. काळा, तेलानं माखलेला, तळवा वर केलेला. उघडाच, सगळ्यांसमोर.

‘‘दादा,’’ हे आतून म्हणाले, ‘‘तुमच्या पायाशी रिंग पाना पडला हाय. थो द्या.’’

दादानं पाना उचलला आणि त्या हातावर ठेवला. दोन बोटं सरळच राहिली. बाकीची मिटली, आणि पाना घट्ट धरून हात आत गेला.